शेषराव काकांनी चहा नाकारला तेव्हा

"काका, लागून राह्यलं का?"

"काय?"

"बोटाले चिमटा लावला न मी."

"कवा लावला?"

चिमटा त्यांच्या उजव्या पायाच्या बोटाला लावलेलाच होता. जखमेच्या कडेचं मेलेलं कातडं मी ओढत होते आणि हा माणूस खिडकीतून बाहेर बघून, रस्त्यावरून गेलेली मोटारसायकल कोणाच्या जावयाची ते मला सांगत होता.

थांबा, आधी मी कोण ते सांगते, नाहीतर बोलण्याच्या घाईत राहूनच जाईल. मी सीएचओ. म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. नाव भारी आहे, पण वाशीम जिल्ह्यात केनवडच्या पुढं एका गावात दोन खोल्यांचं उपकेंद्र आहे, तिथं मी बसते. नर्सिंग केलंय, डॉक्टर नाही. गाव तरी डॉक्टरीणबाईच म्हणतं, मी सांगून सांगून थकले. मी कामरगावची. जिल्हा एकच, पण इथल्या लोकांच्या हिशोबानं मी पार दुसऱ्या देशातली. बीपी मोजायचं, शुगर मोजायची, गरोदर बायकांची तपासणी करायची, आणि हे सगळं संध्याकाळी नेटवर्क शोधत ॲपमध्ये भरायचं. नोकरी मस्त आहे, खरंच. नेटवर्क सोडून.

तर शेषराव काका. वय सत्तरीकडं झुकलेलं, पांढरं स्वच्छ धोतर, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. काम एकच, सोयरिकी जमवणं. पैसे घेत नाहीत. लग्नात टॉवेल-टोपी आणि मान, बास. रिसोडपासून मालेगावपर्यंत कोणत्या घरात लग्नाचा पोरगा आहे, कोणत्या पोरीला नोकरीवालाच पाहिजे, कोणाचा बाप तापट आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. आमच्या ॲपपेक्षा जास्त डेटा, आणि हँग पण होत नाही.

या कामाला जाताना ते खास काळे बूट घालायचे. त्या बुटानं बोट चावलं, फोड आला, फुटला, आणि त्यांना पत्ताच नाही. कारण शुगर खूप वर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा मोडो, चटका बसो, काही कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस निवांत असतो, आणि आत जखम पसरत जाते.

मशीनवर शुगर तीनशेच्या वर. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर सरांनी बघितलं आणि सरळ वाशीमला सर्जनकडं पाठवलं. सर्जननी गोळ्या बदलल्या, ड्रेसिंग लिहून दिलं आणि स्वच्छ सांगितलं, "पंधरा दिवसांनी या. शुगर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर बोट काढावं लागेल, नाहीतर पुढं पायावर येईल."

काका परत आले ते हिशोब करतच. बोट गेलं म्हणजे चालणं अवघड, चालणं अवघड म्हणजे गावोगाव फिरणं बंद. त्यांना दुसरं काही येतच नाही, आणि करायचंही नाही.

मी लगेच कामाला लागले. दिवसभरात काय खाता, विचारलं. जेवण ठीक निघालं. भाकर, भाजी, वरण. मग विचारलं, "चहा?"

"घेतो न."

"किती?"

"जितक्या घरी जाईन तितके. अन प्रत्येक घरी गोड. फिका चहा कोणी पाहुण्याले देते का?"

आमच्याकडचा चहा तुम्ही प्यायला नसेल तर सांगते. त्यात चमचा उभा राहतो. तर मी कागदावर लाल पेननं लिहिलं, चहा बंद, आणि खाली दोन रेघा मारल्या. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "बोटासाठी काय बी करीन," म्हणाले. आणि एक अट घातली, "म्याडम, मले शुगर आहे हे गावात कोणाले सांगायचं नाही. आशाताईले बी नाही."

"काहून?"

"माही नात पुण्याले नर्सिंग शिकून राह्यली. दोन वर्षानं तिचं पाहा लागन. सोयरिकीत पहिले हेच इचारतेत, घरात कोणाले शुगर-बिगर आहे का. मीच तं सगळ्याईले हे इचारतो."

पेशंटची गोष्ट पेशंटची, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी म्हटलं, "कोणाले नाही सांगत."

चार-पाच दिवस काका नियमानं ड्रेसिंगला आले. शुगर खाली यायला लागली. मी इतकी खूश की सरांना रोज रीडिंग व्हॉट्सॲप करायची आणि सर अंगठा पाठवायचे. मग एक दिवस काका आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन लावला तर उचलेनात. मी स्कूटी काढली आणि गेले घरी.

काका ओसरीवर बसलेले. बोटाला घरचंच फडकं बांधलेलं. हातात कप, आणि कपाच्या काठावरून ओघळलेला चहा बशीत चिकट झालेला.

"काका, हे काय आहे?"

"चहा आहे." आणि माझ्याकडं बघत बघत भुरका मारला.

"बोट जाईन न."

"जाऊ द्या. इज्जत गेली तं बोट घेऊन काय करू?"

मी खाली पायरीवरच बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला आधी हसूच आलं.

गावातली वैष्णवी, बी.कॉम. झालेली मुलगी, आणि मालेगावकडचा एक मुलगा, ज्याचं स्वतःचं कृषी केंद्र आहे. काकांनी महिनाभर खपून ही सोयरीक जुळवत आणली होती. मुलाकडून शेवटचा निरोप आला, आमचा होकार आहे. तो निरोप घेऊन काका वैष्णवीच्या घरी गेले. घरात निर्णय चालतो तो तिच्या आजोबांचा, दौलत आबाजींचा.

आता इथली रीत अशी. मध्यस्थ निरोप घेऊन आला की कोणी लगेच काही विचारत नाही. आधी चहा येतो. निरोप होकाराचा असेल तर तो निवांत चहा घेतो आणि मग तोंड उघडतो. निरोप नकाराचा असेल तर तो म्हणतो, "चहा नको, पाणी द्या फक्त." ज्या घराला नाही म्हणायचं त्या घरची साखर खायची नाही, असं आहे ते. म्हणजे बोलायच्या आधीच घराला कळून जातं, आणि कोणाला कोणाच्या तोंडावर नाही म्हणावं लागत नाही.

मला हे माहीत नव्हतं. कामरगावात असेल तरी मला अजून कोणी पाहायला आलेलं नाही, त्यामुळं मला कसं कळणार.

"पोरगी चहा घेऊन आली," काका सांगत होते. "माह्या खिशात तुमचा कागद. बोट आठवलं, रीत इसरलो. मी म्हटलं, बाई, पाणी दे फक्त. झालं. दौलतबुढ्यानं टोपी घातली अन वावरात निंघून गेला."

"पण तुमी होकार सांगितला न?"

"सांगितला न. कोणाले सांगू, भिंतीले? पोरीचा बाप म्हणे, काका, कायले मन राखता आमचं. मी म्हणतो हो म्हटलं त्याईनं, थो म्हणते समजलं आमाले."

"मग दुसऱ्या दिवशी जाऊन..."

"गेलो न. जाऊन दोन कप पेलो. तं म्हणे, कालचं झाकून राह्यला."

आणि तिकडं मालेगावकडं बातमी पोचली की मुलीचा आजा निरोप ऐकायलाही थांबला नाही, उठून गेला. ते लोक चिडले. आम्ही होकार पाठवला आणि हे टोपी घालून वावरात जातात? झालं, दोन्ही घरं रुसून बसली.

"मग सांगून टाका न, चहा कायले नाही घेतला थे."

"नात," काका म्हणाले. एकच शब्द. आणि उरलेला चहा संपवला.

मी परत आले आणि सरांना फोन लावला.

"सर, ते बोटाचे पेशंट ड्रेसिंगला येत नाहीयेत."

"काउन्सेलिंग करा."

"केलं सर."

"परत करा."

"सर, त्यांची सोयरीक मोडली ना, म्हणून."

"या वयात?"

"त्यांची नाही सर, त्यांनी जमवलेली."

सरांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "हे बघा, पेशंट ऐकत नाही असं रेकॉर्डला लिहा आणि रेफर करा." बरोबरच होतं ते. पण रेफर करून काय होणार होतं? वाशीमला जाऊन बोट कापून येणार, एवढंच. सर्जनची तारीख आठवड्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी माझा घरोघर तपासणीचा वार होता. तिशीच्या वरच्या सगळ्यांची बीपी-शुगर मोजायची, हे आमचं नेहमीचं काम. आमच्या आशा वर्कर, शोभाताई, बरोबर होत्या. नेमकं दौलत आबाजींचं घर त्याच गल्लीत. मी ठरवून गेले नव्हते, खरंच. पण गेले आणि आबाजींनी मला बाजूला बोलावलं. शोभाताई आत बायकांचं बीपी मोजत होत्या.

आबाजींनी चुन्याच्या डबीतून एक पांढरी गोळी काढली. "म्याडम, ही बरोबर आहे का पाहा बरं. रिसोडच्या डाक्टरनं देल्ली. दोन वर्षापासून खातो."

शुगरचीच गोळी.

"घरात माहीत आहे का?"

"नाही. अन तुमी सांगू नका. नातीची सोयरीक हाय, म्हणजे होती. शुगरवाल्याचं घर म्हटलं तं पोराकडचे लोक मांगं सरतेत."

आता माझी अवस्था बघा. दोन म्हातारे, दोघांनाही शुगर, दोघंही एकमेकांपासून लपवून बसलेले, आणि दोघांनीही मला तोंड बंद ठेवायला सांगितलेलं. नुसतं एक वाक्य बोलले असते तर सगळं सुटलं असतं, आणि तेच एक वाक्य मला बोलता येत नव्हतं. स्कूटीवर येताना मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं ओरडले. शोभाताई मागून म्हणाल्या, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "काही नाही, माशी गेली."

संध्याकाळी ड्रेसिंगचं सामान घेऊन मी परत काकांच्या ओसरीवर. ते येत नाहीत तर मी जाईन, असं ठरवलं. फडकं सोडलं. जखमेची एक कड काळपट दिसायला लागली होती. मी ती धुवत धुवत सहज विचारलं, "काका, तुमाले एवढ्या घराईचं माहीत आहे. मंग किती म्हाताऱ्याईले शुगर आहे थे बी माहीत असन."

"नाव नाही सांगणार कोणाचं."

"नाव नकाच सांगू. अंदाज सांगा."

काकांनी बोटं मोजायला सुरुवात केली. एका हाताची संपली. दुसऱ्या हाताची संपली. मग थांबले. मग त्यांच्या पोटातून हसू वर यायला लागलं, आधी खांदे हलले, मग सदरा, मग पाय पण हलायला लागला आणि मला ड्रेसिंग धरून ठेवावं लागलं.

"काय झालं?"

"अवं बाई, प्रत्येक घरात आहे. प्रत्येक घरानं मले कानात सांगितलं, कोणाले सांगू नका. मी या घरचं त्या घराले नाही सांगत, अन त्या घरचं या घराले नाही. सगळे एकमेकाईले निरोगी समजून राह्यले, अन झाकण मीच ठेवून राह्यलो."

"मंग तुमच्या नातीले कोणतं घर नाव ठेवन?"

काकांचं हसणं हळूहळू थांबलं. पट्टी बांधून होईपर्यंत ते बोटाकडं बघत होते. मग म्हणाले, "म्याडम, तुमी थे मशीन घेऊन येसान का, मी सांगतो तिथं?"

"मशीन कायले?"

"मी नुसतं बोललो तं म्हणतीन बुढा बहाणा करते. मशीन खोटं बोलत नाही."

बैठक शुक्रवारी दुपारी झाली, दौलत आबाजींच्याच घरी. काकांनी दोन्हीकडं फोन करून सांगितलं की शेवटचं एकदा समोरासमोर बसू, मग मोडायचं तर मोडा. मालेगावहून जीपमधून मुलाचे वडील आणि मुलाची आजी, पार्वताबाई आल्या. आजी नऊवारीत, हातात काठी, आणि चेहऱ्यावर अशी नाराजी की घरातल्या मांजरानं पण जागा सोडली. सतरंजीवर एका बाजूला हे, एका बाजूला ते, मधे शेषराव काका, आणि कोपऱ्यात मी, मांडीवर मशीनची पिशवी घेऊन. माझ्याकडं सगळे बघत होते. ही इथं कशाला, असं.

मग वैष्णवी चहाचा ट्रे घेऊन आली. सगळ्यांचे डोळे काकांच्या हाताकडं.

काकांनी कप उचलला नाही.

दौलत आबाजींचा हात टोपीकडं गेला.

"बस दौलत," काका म्हणाले. "उठू नको. पोराकडून होकारच होता, अन अजून बी आहे. मी चहा नाही घेतला कारण मले शुगर आहे. बोट सडून राह्यलं माहं. पुढच्या हप्त्यात कापाले नेतेत का काय, थे बी माहीत नाही. म्याडम, मोजा माही शुगर. इथंच, सगळ्याईसमोर."

मी नवी सुई काढली, बोटावर स्पिरिट लावलं, टोचलं. मशीन काही सेकंद मोजतं, आणि सगळे त्या आकड्याकडं वाकले.

"दोनशे ऐंशी," मी म्हटलं.

मालेगावच्या आजींनी काठी खाली ठेवली. "एवढीच?" त्या म्हणाल्या. "अन एवढ्यासाठी बैठक? मही तं तीनशे राह्यते."

मुलाचे वडील एकदम, "आई, तू गप्प बस."

"काहून गप्प बसू? रोज सकाळी पोटात सुई टोचून घेतो, तवा कोणी म्हणत नाही गप्प बस. लपून लपून मोरीत जाऊन टोचा लागते मले. आता हा एवढा मोठा माणूस चारचौघात सांगून राह्यला, तं मी काहून नाही सांगू?"

दौलत आबाजी अजून टोपी धरून होते. पार्वता आजींकडं बघितलं, काकांकडं बघितलं, मग हळूच माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मी काही सांगितलेलं नाही, हे त्यांना कळायला पाहिजे होतं.

"मोजा म्याडम माही बी," ते म्हणाले आणि हात पुढं केला. "पण आज खरी नाही येणार. सकाळी गोळी खाल्ली हाय."

"कोणती गोळी बाबा?" वैष्णवीचे वडील.

"थे तुले मंग सांगतो."

नवी सुई, नवी पट्टी. आबाजींची एकशे ऐंशी आली. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण आबाजी थोडे पडलेच. सगळ्यात कमी त्यांचीच. पार्वता आजी म्हणाल्या, "तुमची काही शुगर नाही हो, तुमची नुसती हौस आहे." आणि सतरंजीच्या दोन्ही बाजू एकदम हसल्या.

वैष्णवी अजून ट्रे घेऊन उभीच होती. चहा गार झालेला. तिनं सगळ्यांकडं एक नजर टाकली आणि विचारलं, "मंग आता फिके किती करू, सांगा एकदाचं."

तीन हात वर गेले. मग मुलाच्या वडिलांनी, जरा थांबून, चौथा वर केला. आजी त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "तू बी?" त्यांनी मान खाली घातली.

फिका चहा आला. काकांनी पहिला घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की विचारू नका. पण कप खाली ठेवला नाही. पूर्ण पिऊन, मिशा पुसून म्हणाले, "आता बोलतो."

सोयरीक जुळली, हे सांगायची गरज नाही. माझं लक्ष बोटावर होतं. सर्जनच्या तारखेला आबाजींच्या मुलानं काकांना स्वतःच्या मोटारसायकलवर वाशीमला नेलं, कारण स्टँडपर्यंतही पायी चालायचं नव्हतं. सर्जननी जखम बघितली, म्हणाले, चांगली नाही, पण वाईट होणं थांबलंय, आणि काही दिवस इन्सुलिन घ्यायला सांगितलं. अजून पंधरा दिवस मिळाले.

इन्सुलिन ऐकल्यावर काका पुन्हा अडले. स्वतःच्या पोटात सुई? त्यांच्यानं होईना. मी शिकवलं, चार्ट दाखवला, व्हिडिओ दाखवला. उपयोग नाही. शेवटी पार्वता आजींना व्हिडिओ कॉल लावला. आजींनी एक वांगं घेतलं, डाव्या हातात धरलं आणि त्याच्यात सुई टोचून दाखवली. "हे तुमचं पोट समजा. चिमटीत धरा. सरळ टोचा. दाबा. सोडा. झालं. वांगं बोंबललं का?"

"नाही," काका म्हणाले.

"मंग तुमी काहून बोंबलता?"

त्या दिवसापासून काका स्वतः सुई घेतात. माझ्या सगळ्या ट्रेनिंगवर एक वांगं भारी पडलं.

आणि मग जी गोष्ट झाली ती मी सुचवलेली नव्हती, मी तर नुसती बघत राहिले. पायामुळं काकांचं बाहेरगावी फिरणं बंद, पण डोकं रिकामं बसेना. त्यांनी ओसरीवर बसल्या बसल्या गावातल्या शुगरवाल्या म्हाताऱ्यांच्या जोड्या लावायला सुरुवात केली. अगदी सोयरिकीसारख्या. स्वभाव बघून, घराचं अंतर बघून, एकाकडं काय आहे आणि दुसऱ्याकडं काय नाही ते बघून.

"सखाराम एकटा राह्यते, त्याले गोळीची आठवण नाही राह्यत," ते मला समजावून सांगत. "शेजारच्या कमलाबाईले आठवण मस्त राह्यते, पण डोळ्यानं सुईचा आकडा दिसत नाही. मंग सखारामनं आकडा पाहाचा, कमलाबाईनं गोळीले हाक मारायची. जमलं का नाही?"

जमलं. रोज सकाळी कमलाबाई दारातून ओरडतात, सखारामबुवा, गोळी. अख्ख्या गल्लीला कळतं. आता सखारामबुवा विसरूच शकत नाहीत, कारण ते विसरले तर गल्ली विचारते.

सगळ्या जोड्या टिकल्या असं नाही. दोन म्हाताऱ्यांची जोडी आठवड्यात मोडली, कारण एकानं दुसऱ्याला जत्रेत जिलेबी खाताना पकडलं आणि पारावर सांगितलं. काकांनी दोघांना बोलावून घेतलं, समजूत काढली, नाही जमलं, मग दोघांना वेगवेगळी स्थळं बघून दिली. "होते असं," म्हणाले. "पहिलं स्थळ सगळ्याईचंच टिकत नाही."

मंगळवारी आता सगळे उपकेंद्रावर येतात. शुगर मोजतात, पाय एकमेकांचे तपासतात, कारण स्वतःचा तळपाय स्वतःला वाकून बघता येत नाही या वयात. आणि आकड्यांवरून अशी चढाओढ लागते की काय सांगू. कमी आली की मिरवतात, जास्त आली की मशीनला नावं ठेवतात. सर एकदा अचानक भेटीला आले, दारात थांबून बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, याचा एक छान फोटो काढा, मीटिंगला पीपीटीत टाकू. मॉडेलला नाव काय द्यायचं?" मी म्हटलं, सर, नाव काकांना विचारा. सरांनी विचारलं. काका म्हणाले, "साहेब, नाव नंतर. आधी तुमची मोजून घ्या."

सरांची मोजली. किती आली ते मी सांगणार नाही. पेशंटची गोष्ट पेशंटची. पण सरांनाही एक जोडीदार मिळालाय.

बोट राहिलं. पुढच्या तारखेला सर्जननी पट्टी सोडली, दाबून बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, घेऊन जा तुमचं बोट." नख गेलं कायमचं, बोट जरा वाकडं पडलं. काळे बूट त्यांनी देऊन टाकले. आता सरकारी योजनेतली मऊ तळव्याची चप्पल घालतात, आणि त्याच चपलेवर मालेगावला लग्नाला गेले.

लग्नात मीही होते. पार्वता आजी आणि दौलत आबाजी, नवे विहीण-व्याही, शेजारी शेजारी बसून बुंदी खात होते. मी समोरून गेले. दोघांनीही लपवलं नाही. उलट आजींनी मलाच हाक मारली, "एकच वाटी आहे ओ, अन सुई घेऊन आलो मी." दुसऱ्या दिवशी आबाजी सकाळी सकाळी स्वतःहून उपकेंद्रावर हजर, बोट पुढं करून.

याला आमच्या भाषेत कंट्रोल म्हणत नाहीत. ॲपमध्ये तर यासाठी रकानाच नाही. पण चुन्याच्या डबीतल्या गोळीपेक्षा आणि मोरीतल्या सुईपेक्षा हे फार बरं. मी आता नव्या पेशंटच्या कागदावर काहीही बंद लिहायच्या आधी पेन खाली ठेवते आणि विचारते, दिवसभरात कोणाकोणाच्या घरी जाता, आणि तिथं नाही म्हटलं तर काय होतं? उत्तर लांब येतं. रांग खोळंबते. मागचे लोक कुरकुर करतात. पण बोटं राहतात.